बातमी पक्की नसली तरी आमच्याशी बोला : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझा धाकटा मुलगा क्रूझ जहाजावर वेटर आहे.

दोन दिवसांपासून एका क्रूझ जहाजाला आग लागल्याची बातमी आमच्या भागात मोबाइलवरून फिरते आहे. ती खरी की खोटी, हे मी लिहायला बसेपर्यंत कुणा जबाबदार माणसाने सांगितलेले नाही. जहाजाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या जहाजावर आपल्याकडची मुले आहेत आणि त्यांच्या आयांच्या हातात माझ्यामुळे आणखी एक कच्ची बातमी पडायला नको. माझा मुलगा ह्या वेळी रजेवर घरी आहे. पण मागे एकदा ह्याच प्रसंगातून मी गेले आहे, म्हणून आज त्या घरांत काय चालले असेल हे मला ठाऊक आहे, आणि तेच तुम्हाला सांगायचे आहे.

रविवार होता. सकाळी पावणेसातला शेजारीण पायऱ्यांवरूनच म्हणाली, "बाई, तुमच्या चल्याच्या बोटीक उजो लागला म्हण्टात. खरें?" म्हणजे तुमच्या मुलाच्या बोटीला आग लागली म्हणतात, खरे का? तिच्या भाच्याला कुणीतरी संदेश पाठवला होता. मी मुलाला फोन लावला, लागला नाही. व्हॉट्सअॅपवर एकच टिक. त्याचे जहाज तेव्हा कॅरिबियन समुद्रात होते, तिथे शनिवारची रात्र. झोपला असेल असे मी मनाला समजावले, पण तो झोपताना फोन बंद करत नाही हेही मला माहीत होते.

मग फोटो आला. जहाजाची मागची बाजू काळी ठिक्कर पडलेली, पत्रे वाकलेले. माझ्या सुनेने तो पाहिला आणि ती ओट्याजवळ खालीच बसली. तो फोटो 'ग्रँड्यूअर ऑफ द सीज' ह्या वेगळ्याच जहाजाचा होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले. मे २०१३ मध्ये बहामाजवळ त्याच्या मागच्या डेकला आग लागली होती. दोन हजारांवर प्रवासी होते, सुमारे आठशे कर्मचारी होते, एकही माणूस दगावला नव्हता. पण त्या सकाळी आमच्या घरात त्या फोटोतल्या काळ्या पत्र्यांमागे माझा मुलगा होता.

भरती करणाऱ्या एजन्सीच्या मुंबईच्या ऑफिसात रविवारी कुणी फोन उचलला नाही. कंपनीचा परदेशातला नंबर लागला, तर मशीन विचारू लागले की नवे बुकिंग करायचे आहे की जुने बदलायचे आहे. सरकारी कचेरीचा नंबर एकाने दिला, तिथे घंटा वाजत राहिली. पोलिस चौकीवरचा हवालदार भला माणूस. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडे ह्याची काहीच माहिती येत नाही." दिवसभरात सरळ उत्तर दिले ते त्या एकट्याने.

दुपारी पुतण्याने जहाज नकाशावर दाखवणारे अॅप उघडून दिले. समुद्राच्या निळ्या रंगात एक ठिपका, त्यावर बोट ठेवले की जहाजाचे नाव. ठिपका हलत नव्हता. खाली लिहिले होते, शेवटची नोंद नऊ तासांपूर्वी. आम्ही समजलो, जहाज बंद पडून उभे आहे. त्या ठिपक्याकडे पाहत आम्ही चार तास काढले. नंतर मुलाने समजावले की जहाज आपली जागा रेडिओवरून सांगत असते आणि तो संदेश किनाऱ्यावरच्या यंत्रांना ठराविक अंतरापर्यंतच ऐकू येतो. जहाज खोल समुद्रात गेले की फुकटच्या अॅपमध्ये ठिपका जिथल्या तिथे थांबतो. उपग्रहावरून मिळणाऱ्या जागेला पैसे पडतात. म्हणजे जहाज सुखरूप पुढे चालले होते आणि आम्ही इथे ते थांबले म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. एवढी साधी गोष्ट त्या दुपारी कुणी सांगितली असती तरी माझ्या सुनेने दोन घास खाल्ले असते.

रात्री सव्वा वाजता त्याचा संदेश आला. "आई, मी बरा आहे. ड्युटी होती. आता झोपतो." दुसऱ्या दिवशी सविस्तर बोलणे झाले. लॉण्ड्रीतल्या ड्रायरमध्ये साठलेल्या कापसाच्या तुसाने पेट घेतला होता. स्पीकरवर 'ब्राव्हो, ब्राव्हो, ब्राव्हो' अशी हाक झाली, तो त्यांचा आगीचा इशारा. आगीचे दरवाजे बंद झाले, पथक आत गेले आणि वीस मिनिटांत सगळे विझले. माझ्या मुलाचे त्या वेळचे काम जिन्याच्या वळणावर उभे राहून प्रवाशांना जमण्याच्या जागेकडे पाठवण्याचे. ह्याचा सराव त्यांच्याकडून सतत करून घेतात. तो त्या वळणावर उभा होता तेव्हा एका प्रवाशाने ती हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून जगाला पाठवली. तीच अर्धवट बातमी अमेरिकेतून फिरत फिरत आमच्या पायरीवर आली. कर्मचाऱ्यांचे इंटरनेट मात्र दिवसभर बंद होते.

त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत गेले. शिकवायची सवय आहे, न कळलेले सोडवत नाही. जहाजावरची प्रत्येक आग सारखी नसते. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस'च्या बाल्कन्या पेटल्या, धुराने एका प्रवाशाचा जीव गेला, आणि त्यानंतर बाल्कन्यांसाठीचे जागतिक नियमच बदलले. फेब्रुवारी २०१२ मध्ये आपल्याच हिंदी महासागरात, सेशेल्सजवळ, 'कोस्टा अलेग्रा'च्या जनरेटरच्या खोलीला आग लागली. आग विझली, पण वीज गेली, आणि हजारांवर माणसांचे ते जहाज एका मासेमारी बोटीने ओढत बंदरात आणले. पुढच्याच वर्षी 'कार्निव्हल ट्रायम्फ'चे तसेच झाले. इंजिनच्या खोलीतली आग आटोक्यात आली, कुणी दगावले नाही, पण चार हजारांवर माणसे कितीतरी दिवस विजेविना समुद्रात होती. वीज गेली की पंखा, संडास आणि फोन एकदमच जातात. आपल्या मुलाची एकच टिक दिसते ती अशा वेळी. तिचा अर्थ वाईटच असतो असे नाही. पण हे घरच्यांना कुणी सांगायचे?

महोदय, अडचण कुठे आहे हे मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. जहाज नोंदलेले असते बहामात, पनामात नाहीतर माल्टात. मालक कंपनी फ्लोरिडात. समुद्र तिसऱ्याच देशाचा. एजन्सी मुंबईची. आणि मुलगा डिचोलीचा. आग लागली की कॅप्टन कंपनीला कळवतो, कंपनी झेंड्याच्या, म्हणजे जहाज जिथे नोंदलेले त्या देशाला कळवते, पुढची चौकशीही बहुधा तोच देश करतो. ह्या सगळ्या साखळीत डिचोलीला फोन करणे हे कुणाचेच पहिले काम नाही. कंपनी खात्री झाल्याशिवाय बोलत नाही, त्यात मला गैर वाटत नाही. नावे चुकून चालत नाहीत. माझे म्हणणे सरकारकडे आहे.

कारण सरकारला हे जमते, हे आपण पाहिले आहे. जुलै २०२४ मध्ये मुंद्र्याहून कोलंबोला निघालेले 'मर्स्क फ्रँकफर्ट' हे मालवाहू जहाज कारवारच्या समोर पेटले. भर पावसाळ्यात तटरक्षक दलाची जहाजे त्यावर पाणी मारत होती, आणि आज कुठे आग आहे, कुठे आटोक्यात आली, हे दल वेळोवेळी फोटोंसह सांगत होते. त्या आगीत एका फिलिपिनो कर्मचाऱ्याचा जीव गेला, तेही लपवले नाही. आपल्या किनाऱ्यासमोर घडले तेव्हा आम्हाला अफवांवर जगावे लागले नाही. कोकण रेल्वेवर काही झाले तरी थोड्याच वेळात मदतीचे नंबर जाहीर होतात आणि मडगावला चौकशीला माणूस बसतो. गाडीत कोण कोण होते, हे त्यालाही लगेच ठाऊक नसते. तरी तो बसतो, लोकांची नावे लिहून घेतो, कळले की सांगतो.

मला तेवढेच हवे आहे. समुद्र लांबचा असला तरी.

आमच्या भागातली मुले बोटीवर का गेली, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्वी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, म्हटले की सासष्टी, बार्देश हे तालुके डोळ्यांसमोर यायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद झाल्या. खाणीचे खनिज वाहणारा आमच्या अंगणातला ट्रक पावसात गंजला आणि शेवटी भंगारात गेला. त्याच पैशांत थोडी भर घालून मुलाने जहाजावर चढण्यापूर्वीचे सक्तीचे कोर्स केले. आग विझवणे, पाण्यात जीव वाचवणे, प्रथमोपचार. डिचोली, सत्तरी, पेडणे, सगळीकडे आता अशी घरे आहेत. ह्या घरांत तीन पिढ्यांचा अनुभव नाही. सासष्टीतल्या लोटलीच्या म्हाताऱ्या आजीला एकच टिक दिसली तर ती दोन दिवस थांबायला शिकलेली आहे. आमच्या सुना अजून नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी आहे. तुमच्या सरकारात अनिवासी भारतीयांचे व्यवहार पाहणारे खाते आहे. निवृत्त दर्यावर्दींना आणि त्यांच्या विधवांना पेन्शन देण्याची योजनाही तुम्ही केली, ते चांगले झाले. त्या खात्यात एक फोन चोवीस तास, रविवारीही, उचलला जावा. मुंबईत नौवहन महासंचालनालयाचे संपर्क केंद्र आहे, तटरक्षक दलाचे बचाव समन्वय केंद्र आहे. आमच्यातल्या प्रत्येकाने मुंबईला फोन लावत बसण्यापेक्षा पर्वरीतल्या एका माणसाने तो लावावा. कोणत्या जहाजावर आपली कोण मुले आहेत ह्याची नोंद त्यांच्या मर्जीने खात्याकडे असावी. रजा संपवून निघताना मुलगा जहाजाचे नाव आणि घरचा नंबर देऊन जाईल, पंचायतीतही ती सोय करता येईल.

आणि बातमी कच्ची असतानाच बोला. ह्यावर माझा सगळा भर आहे. पुष्टी होईपर्यंत गप्प राहायचे ही सरकारी रीत आहे, आणि मधल्या त्या तासांतच घरे कोलमडतात. तुमच्याकडून तीन ओळी आल्या तरी पुरे. अमुक जहाजाबद्दल अशी बातमी आमच्या कानावर आली आहे, ती अजून पक्की नाही. आम्ही अमक्या ठिकाणी विचारले आहे. पुढची माहिती दुपारी दोन वाजता देऊ. आणि दोन वाजता, काही कळले नसले तरी, 'अजून कळलेले नाही' एवढे सांगा. मराठीत सांगा आणि कोकणीत सांगा. वेळ घाला, म्हणजे कालचा संदेश आज फिरणार नाही. फोटो जुना असेल तर जुना आहे म्हणून सांगा. ठिपका का थांबतो तेही सांगा.

अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा अशा वेळी दिला जातो. माझ्या शेजारणीने मला संदेश दाखवला तो काळजीपोटी. विचारायला दुसरी जागा असती तर तिने तिथे विचारले असते.

आणखी एक गोष्ट केंद्राकडे तुम्ही मांडावी. सागरी कामगारांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची मान्यता आहे. त्यातल्या डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांमध्ये जहाजावरच्या कामगारांना शक्य तेवढी इंटरनेटची सोय द्यावी असे म्हटले आहे. जहाजावर संकट आले तर ते आटोक्यात आल्यानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याला घरी एक संदेश पाठवता यावा, दोन शब्दांचा का होईना, हे भरतीचा परवाना असलेल्या एजन्सींकडून लिहून घेता येईल का ते पाहावे. माझ्या मुलाच्या जहाजावर वीस मिनिटांत आग विझली होती. तो संदेश त्याला सकाळीच पाठवता आला असता.

आज ज्या जहाजाबद्दल बोलले जाते आहे त्यावरची सगळी माणसे सुखरूप असोत. ती बातमी खोटी ठरली तर मला आनंदच आहे. तरीही हे पत्र मागे घेण्याचे कारण नाही, कारण खोट्या बातमीनेसुद्धा त्या घरांची दोन दिवस चूल पेटलेली नाही.

माझ्या मुलाची रजा गणेश चतुर्थीनंतर संपते आहे. सुनेने जाण्यापूर्वीच्या कामांची यादी फ्रिजवर लावली आहे. मेडिकल, व्हिसा, बॅगेचे चाक. खाली एक ओळ तिने कोरी ठेवली आहे, त्यावर फक्त 'रविवारी उचलतील तो नंबर' असे लिहिले आहे. तो नंबर त्याआधी आम्हाला मिळावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डिचोली तालुका