‘मसाया’च्या ध्वनिमुद्रणातील विराम कापल्याबद्दल तक्रार

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष सीडी विनामूल्य नव्याने तयार करून देणेबाबत

महोदय,

बेळगावातील आमच्या महाविद्यालयाच्या हौशी गायनवृंदाने संगीतकार हँडलच्या ‘मसाया’ या ऑरेटोरिओतील (येशूच्या जीवनावरील, गायनवृंद, एकलगायक आणि वाद्ये यांसाठी रचलेल्या मोठ्या संगीतकृतीतील) निवडक भाग ऑर्गनच्या साथीने गाऊन ध्वनिमुद्रित केले आणि त्याच्या सीडी तयार करण्याचे काम पूर्ण रक्कम आगाऊ भरून आपल्या कंपनीकडे सोपविले. आलेल्या सीडी सदोष असल्याने मी त्यांचे वाटप थांबविले आहे.

सर्वांत गंभीर दोष ‘हालेलुया’ या समूहगीताच्या अखेरीस आहे. तेथे सगळे आवाज आणि साथ एकदम थांबतात आणि त्या निःशब्द क्षणानंतर शेवटचा ‘हालेलुया’ संथ, भरदार सुरांत येतो. हा विराम हँडलने 1741 मध्ये रचना करताना स्वतः लिहून ठेवलेला आहे. आपल्या सॉफ्टवेअरने त्या शांततेला गाण्याचा शेवट समजून ट्रॅक तिथेच तोडला आणि उरलेला ‘हालेलुया’ पुढच्या ट्रॅकच्या आरंभी नेऊन बसविला. त्यामुळे जे सोप्रानोचे (उंच स्त्रीस्वराचे) एकलगीत ऑर्गनच्या मृदू सुरावटीने उमलायला हवे, ते सबंध वृंदाच्या गजराने दचकवीत सुरू होते. तिहाईचा शेवटचा ‘धा’ तोडून पुढच्या बंदिशीला जोडावा, तसा हा प्रकार आहे.

सांगतेच्या ‘आमेन’मध्येही शेवटच्या संथ सुरांपूर्वी एक अख्खा बार (स्वरलेखनातील तालाचा एक खंड) रिकामा आहे. आम्ही पाठविलेल्या मूळ फाइलमध्ये त्या रिकाम्या जागेत आधीच्या स्वराची आस सभागृहात हळूहळू विरताना स्पष्ट ऐकू येते. सीडीवर ती मध्येच तुटते आणि अंतिम ‘आमेन’ तिच्यावर येऊन आदळतो. याउलट, मेंढपाळांच्या प्रसंगातील छोटी पठणे (बोलल्यासारखे गायले जाणारे भाग) एकमेकांत मिसळून देवदूतांच्या समूहगीतापर्यंत अखंड चढत जायला हवीत, तिथे मात्र प्रत्येक दोन भागांमध्ये सुमारे दोन सेकंदांची पोकळी घातलेली आहे. ट्रॅकमध्ये अंतर ठेवू नये आणि शांतता छाटू नये, अशी लेखी सूचना आम्ही ऑर्डरसोबतच दिली होती.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर, कॉलेजच्या मुलांचे गाणे आहे, इतके कोण बारकाईने ऐकणार, असे उत्तर दिले. हे उत्तर मला सीडीतील दोषाहून अधिक लागले. खानापूर, निपाणीकडून येणारी, घरी मराठी, कोंकणी किंवा कन्नड बोलणारी ही मुले तास संपल्यावर थांबून अनोळखी इंग्रजी शब्द आणि चार आवाजांची गुंफण शिकली. त्या विरामात कोणाचाही श्वाससुद्धा ऐकू येऊ नये, यासाठी त्यांनी किती तालीम केली, हे मी पाहिले आहे. आमच्या टेनरांचे (उंच पुरुषस्वरात गाणाऱ्यांचे) स्वर काही ठिकाणी उतरले आहेत आणि ते तसेच राहू द्यावेत, कारण ते आमचे आहेत; मात्र जे आम्ही नीट गायलो, ते मोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरी मूळ फाइलवरून, ट्रॅकच्या खुणा आम्ही दिलेल्या वेळांनुसार हाताने लावून, सर्व सीडी आपल्या खर्चाने पुन्हा कराव्यात. छपाईपूर्वी एक नमुना प्रत ऐकण्यासाठी पाठवावी. आणि सदोष सीडी परत नेण्याची व्यवस्थाही आपणच करावी. पैसे परत मिळण्यात आम्हाला स्वारस्य नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करण्याची मुभा हा कायदा देतो.

देयकाची प्रत, आमची सूचना आणि दोष असलेल्या जागांच्या वेळा सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
समन्वयक, महाविद्यालयीन गायनवृंद
बेळगाव