ओळखपत्र खिशात ठेवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि नावावरून आमची चाळ आणि माझा मुलगा शोधून काढणं कुणाला जड जाणार नाही. काळाचौकी एवढंच पुरे. पण आभार मात्र मला चारचौघांत मानायचे होते, कारण माझ्या मुलाचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

आधीच्या शाळेत त्याच्या दप्तरात माव्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी सापडली. आठवीतलं पोर. प्रार्थनेच्या वेळी त्याला पुढे बोलावलं आणि पुडी हातात धरून सगळ्या शाळेसमोर उभं केलं. मला बोलावून घेतलं तेव्हा पहिला प्रश्न होता, “घरात कोण खातं?” पुडी विकली कुणी, हे मात्र कुणीच विचारलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकायची नाही. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला तंबाखू देणाऱ्यासाठी सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी लिहून ठेवली आहे. टपरी फाटकासमोर होती, ती तशीच राहिली. शिक्षा माझ्या पोराला झाली. त्याच शाळेत २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, मोठा फलक लागायचा, पाहुणे यायचे, शपथ व्हायची, फोटो निघायचे. त्या फोटोत माझा मुलगाही हात पुढे करून उभा आहे.

नंतर त्याला तिखट सोसेना. आमटीतली मिरची बाजूला काढूनही डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यात नेलं. तोंड आलंय म्हणून गोळ्या लिहून दिल्या, पण तोंडात बॅटरी मारून कुणी पाहिलं नाही. पुन्हा नेलं, पुन्हा त्याच गोळ्या. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो, दादा.

नव्या शाळेत व्यसनमुक्तीचा तास घ्यायला तुम्ही आलात. तुमच्या तासाला काय काय झालं ते मला पोरानं सांगितलं, आणि तो शाळेतलं काही सांगतोय हेच मला नवल होतं. सडलेल्या जबड्यांचे फोटो नव्हते, कवट्या नव्हत्या, “मी कसा बरबाद झालो” असं भाषण नव्हतं. तुम्ही मुलांच्या जोड्या लावल्यात. एकानं पुडी पुढे करायची, दुसऱ्यानं मैत्री न तोडता नाही म्हणायचं. “चल, त्यापेक्षा कटिंग मारू,” असं एक मुलगा म्हणाला आणि वर्ग हसला, तर तुम्ही तेच वाक्य फळ्यावर लिहिलंत. पुढे मी वाचलं की संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थांविषयीचं कार्यालयही हेच सांगतं: नुसती भीती घालणारी भाषणं फळत नाहीत, मुलांना नकार देण्याचा सराव लागतो. पण मला ते आधी माझ्या पोराच्या तोंडून कळलं.

मग तुम्ही सगळ्यांना तीन बोटं जोडून, उभी धरून तोंडात घालायला सांगितलीत. बाईंनाही. सुपारी आणि मावा खाणाऱ्यांच्या गालाच्या आत घट्ट पट्टे तयार होतात, तोंड उघडेनासं होतं, तिखट झोंबतं, आणि पुढे तिथेच कर्करोगाचा धोका असतो, हे तुम्ही साध्या शब्दांत सांगितलंत. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हेही. माझ्या मुलाची दोनच बोटं गेली. तुम्ही ते पाहिलंत, तुमची नजर त्याच्यावर थांबली, असं तो सांगतो, आणि मग तुम्ही पुढच्या बाकाकडे वळलात. एक शब्दही बोलला नाहीत. शाळा सुटल्यावर तो स्वतः तुमच्यापाशी आला. तुम्ही त्याला म्हणालात, “घरी येऊ? तू सांगशील तेव्हा येतो.” आधी कुणी त्याला असं विचारलंच नव्हतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

तुम्ही आलात तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. संध्याकाळची वेळ, खाली नळावर बायका, जिन्यापाशी पोरांचा घोळका. आमच्या चाळीत नवा माणूस आला की तो कुणाकडे आला, कशाला आला, हे तो वर पोचायच्या आधी सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. तुमच्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं, आणि अंगातल्या टीशर्टवर छातीभर अक्षरांत “व्यसनमुक्ती” लिहिलेलं. तुम्ही गल्लीच्या तोंडाशीच थांबलात. ओळखपत्र काढून पँटच्या खिशात घातलंत. पिशवीतून सदरा काढून टीशर्टवर चढवलात आणि गळ्यापर्यंत बटणं लावलीत. त्या उकाड्यात. मग जिना चढलात आणि शेजारच्या काकूंनी विचारल्यावर म्हणालात, “शाळेतून आलोय, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही हवी होती.”

मला वरून सगळं दिसलं होतं. तुम्हाला हे आजवर माहीत नाही.

दादा, वर्षभर माझ्या मुलाला जो भेटला त्यानं त्याच्या कपाळावर काहीतरी लिहिलं. तुम्ही पहिले, ज्यांनी आपल्या छातीवरची अक्षरं त्याच्यासाठी झाकली. मला त्या घडीला रडू आलं, आणि तुम्हाला वाटलं मी मुलाच्या काळजीनं रडतेय.

पुढचं सगळं कुणालाही माहीत असतं तसंच झालं. दंत रुग्णालय, तोंड उघडण्याचे व्यायाम, पहिल्या दिवसांतली चिडचिड आणि डोकेदुखी. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढा वेळ पाणी पी, खाली चक्कर मार, हे तुमचं सांगणं त्याला उपयोगी पडलं. आलेले पट्टे पुरते जात नाहीत असं डॉक्टर म्हणाले, पण मावा बंद राहिला तर पुढे वाढायचे थांबू शकतात. तो बंद आहे.

सासूबाईंचीही एक गोष्ट तुमच्या खाती जमा आहे. त्या आयुष्यभर मिश्री लावतात. तुम्ही त्यांना एकदाही दटावलं नाहीत. त्यांच्या हातचा चहा घेतलात, गिरणीतल्या आठवणी ऐकल्यात, आणि जाताना विचारलंत, “आजी, नातवासमोर नाही लावली तर चालेल का?” मिश्री सुटलेली नाही. पण आता त्या नातवासमोर डबी काढत नाहीत.

आणि आमचं मंडळ. दरवर्षी व्यसनाचा राक्षस, मोठी बाटली, त्रिशूळ, असा देखावा व्हायचा आणि त्याच्या मागे पोरं पुड्या फोडायची. तुम्ही त्या पोरांना मोजपट्टी दिलीत. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड म्हणजे जवळपास ९१ मीटर, ते त्यांनी स्वतः रस्त्यावर वाकून मोजले आणि तिथे पिवळी रेघ मारली. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि तुम्ही त्यांच्याकडूनच ते ऐकून घेतलंत. टपरीवाल्याशीही तुम्ही दुपारी गिऱ्हाईक नसताना बोललात. एक टपरी हलली. दुसरी अजून तिथेच आहे, आणि मंडळाची पोरं अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात जातायत.

मुंबईत धावत्या लोकलला लटकलेल्या अनोळखी माणसाला आत ओढणारे हात असतात, हे आपण सगळे बघतो. पण पडलेल्या माणसाची लाज राखणारी माणसं थोडी. त्यासाठी पैसा लागत नाही, पद लागत नाही. समोरचा चौदा वर्षांचा असला तरी त्यालाही इज्जत आहे, एवढं मनापासून वाटावं लागतं. तुमच्यासारखी माणसं शाळाशाळांतून फिरतायत, त्यांच्या पगाराचं, बसभाड्याचं कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो. शाळांनी फलकाचा खर्च वाचवून तुमच्यासारख्या एकाला वर्षभर ठेवावं, असं मी पालकसभेत बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे.

एक निरोप आहे. पुढच्या शाळेत रेघ मारायला जाल तेव्हा पोराला बरोबर यायचंय. माईकवर बोलणार नाही म्हणतो, मोजपट्टीचं दुसरं टोक धरीन म्हणतो. शनिवारी त्याची शाळा दुपारी सुटते. नेलंत तर आम्हाला बरं वाटेल.

तुमची,
काळाचौकीची एक आई