वरच्या रानाबद्दल

कोइमतूर,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही "तिकडे बसून तुला काय कळणार" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. मग आईनं जेवलास का विचारलं आणि विषय संपला. म्हणून पत्र लिहितोय. पत्र मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आधी पैशाचं सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. ठेकेदार वरच्या तीन एकरांतली झाडं तोडून न्यायचे ऐंशी हजार देतोय ना? चाळीस हजार मी दिवाळीआधी खात्यात टाकतो, उरलेले फेब्रुवारीत येताना आणतो. पडवीची कौलं आणि आई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन्ही त्यात बसतं. विसार घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर परत करा, तो रागावला तर माझ्यावर ढकला.

यात मी उपकार करत नाहीये. खालचं रान कशासाठी गेलं ते मला ठाऊक आहे. माझ्या डिप्लोमाची पहिल्या वर्षाची फी त्या ट्रकांतूनच आली. मे महिन्यात घरी आलो तेव्हा आई पऱ्यावर धुणं धुवायला गेली नव्हती, विहिरीवरून पाणी ओढत होती. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. मेअखेर वाहणारा पऱ्या आता होळीलाच आटतो. ते फक्त रान तोडल्यामुळे झालं की वाडीत बोअरवेली वाढल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण "रान तोडू नका" म्हणायचा अधिकार घरात सगळ्यांत कमी मला आहे, एक रान खाऊन बसलेला माणूस मी. त्यामुळे नुसता सल्ला न देता पैसे देतोय.

आता हे डोक्यात कुठून आलं ते. श्रावणात मी वालपराईला गेलो होतो, इथून शंभरेक किलोमीटर. आळियार धरणावरून घाट चढतो, चाळीस वळणं, प्रत्येकाला नंबर लावलाय. आई, तुला आंबा घाटात मळमळतं तर इथे तू उतरून चालतच गेली असतीस. वर पोचलं की नजर जाईल तिथे चहा, दाढी केल्यासारखे डोंगर. चहाच्या मधे सावलीसाठी सिल्व्हर ओक, तोही ऑस्ट्रेलियाचा. १८९० च्या दशकापासून इंग्रजांनी मोठ्या प्रमाणावर मळे लावले, त्याआधी हे बहुतेक वर्षावन होतं. हा आपलाच सह्याद्री, मधे फक्त पालघाटची खिंड. आता त्या वनाचे तुकडे उरलेत, चहाच्या समुद्रात बेटं असावीत तसे.

नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन नावाची म्हैसूरची संस्था तिथे वीसहून जास्त वर्षं काम करतेय. दिव्या मुडप्पा आणि शंकर रामन या दोघांनी ते काम उभं केलं. मळेवाल्या कंपन्यांशी बोलणी करून त्यांच्या हद्दीतले खराब झालेले तुकडे पुन्हा रान करायचे, असं ते काम. मला वाटलं होतं खड्डे खणून रोपं लावत असतील. पण आधी घाणेरी उपटायची, तीही सरसकट नाही, तिच्याखाली आपोआप उगवलेलं रोप तुडवलं जाणार नाही अशी. बिया रस्त्याच्या कडेला गोळा करायच्या, कारण तिथे पडलेली बी गाडीखाली चिरडणार हे ठरलेलंच. जंगलातली बी मात्र जंगलातच ठेवायची. त्यांच्या नर्सरीत शंभरावर जातींची रोपं असतात. धूप, नागकेशर, जांभळाचे भाऊबंद, रानफणस. काही बिया रुजायलाच महिनोन् महिने घेतात. मग पावसात एकेका तुकड्यात वेगवेगळ्या जातींची रोपं मिसळून लावायची, पुढे दोनतीन वर्षं तण काढत राहायचं आणि वाट बघायची. जुन्या तुकड्यांत आता सावली धरलीय, खाली पाचोळा साचलाय. जुन्या रानाची बरोबरी व्हायला मात्र आणखी कितीतरी पावसाळे जायचेत.

(आमच्या कंपनीनंही गेल्या वर्षी वृक्षारोपण केलं होतं. टोप्या वाटल्या, गुलमोहर लावले, फोटो काढले. मे महिन्यात जाऊन बघितलं तर खड्डे होते.)

तिथे रस्त्यावर या झाडावरून त्या झाडावर दोरखंडाचे, रबरी पट्ट्यांचे पूल बांधलेत. सिंहपुच्छ वानरांसाठी. काळं वानर, तोंडाभोवती पिकली आयाळ. पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि आपल्या बाजूलाही नाही. रान तुटलं तसं ते जमिनीवर उतरायला लागलं आणि गाड्यांखाली जायला लागलं. मी अर्धा तास उभा राहिलो, एकही पुलावरून गेलं नाही. एक मात्र चहाच्या टपरीमागे बिस्किटाचा पुडा फाडत बसलं होतं.

बाबा, सांगायचं एवढंच की ती माणसं वीस वर्षं पाठीचा काटा मोडून जे उभं करतायत, ते आपल्या वरच्या तीन एकरांत आयतं उभं आहे. ऐन, किंजळ, भेरली माड, वाटेवरचं ते नांद्रुक, आणि पलीकडच्या कोपऱ्यातला बेहडा. आपलं रान वालपराईसारखं भर सदाहरित नाही, निमसदाहरित म्हणतात त्याला. पण कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही.

त्या बेहड्याखालून आजी सांजवेळी जाऊ द्यायची नाही, त्यावर भूत आहे म्हणायची. त्या भुतामुळेच तो वाचला असणार. चार माणसांच्या कवेत मावत नाही आणि वर ढोली आहे. आई, तुला आठवतं, डोक्यावरून माडगरुड गेला की लोहाराच्या भात्यासारखा आवाज यायचा आणि तू म्हणायचीस, गेला बघ तुझा भाता? पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात. त्याची मादी ढोलीत शिरते आणि दार आतून विष्ठेनं लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट. अंडी घालते, आतच तिची उडायची पिसं गळतात. महिनोन् महिने नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. त्याला कोणी मारलं तर आतले सगळे उपाशी. एवढी मोठी ढोली पन्नास वर्षांच्या झाडाला होत नाही. जोडी वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येते, आणि बेहडा तोडला तर जवळपास दुसरी नाही. उंबर, नांद्रुक खाऊन बिया मैलभर लांब टाकतो तोच, म्हणजे वालपराईची नर्सरी आपल्याकडे पंखांवर फिरते.

तुम्ही म्हणाल, सरकारनं सांभाळावं. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल जवळजवळ नाहीच, जे आहे ते आपल्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर. आणि सातबाऱ्यावर असलं की कौलं गळली, की पहिलं तेच आठवतं. यात तुमची चूक नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर तालुक्यात देवरहाट्यांवर, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांवर, काम करते, आणि खाजगी रानाच्या मालकांशीही करार करते: इतकी वर्षं तोडायचं नाही, त्याचा मोबदला घ्यायचा. बेहड्याची, हिरड्याची फळं नीट गोळा करून औषधासाठी विकायचंही त्यांनी बसवून दिलंय. मी त्यांना फोन करणार आहे. त्यांचं कोणी आलं तर चहा द्या, शहरातली पोरं म्हणून हाकलू नका.

वाळलेलं, पडलेलं लाकूड चुलीसाठी आणत जा, त्याला माझी ना नाही. मांगराच्या दुरुस्तीला वासे लागले तरी आधी मला फोन करा.

दिवाळीला येता येत नाही, फेब्रुवारीत येतो. तेव्हाच मादी ढोलीत बसते. बाबा, गुडघा साथ देत असेल तर संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन या. बेहड्याच्या बुंध्याशी ताज्या बिया पडलेल्या दिसल्या तर उचलू नका, फक्त मला कळवा. आई, तू जाऊ नकोस, ऑपरेशनची तारीख आधी घे.

तुमचा,
बाळू