ओटी आणि माजघर

आंजर्ले

चि. बाळू, अनेक आशीर्वाद.

रूमच्या एजंटला आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून दिलास आणि वर म्हणालास, आई आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय. फोनवर मी गप्प बसले पण रात्रभर तेच घोळत होतं डोक्यात.

अरे, आपलं पुढचं दार दिवसभर सताड उघडं असतं, पोस्टमन, नारळ पाडायला येणारे, पाहुणे सगळे ओटीवर बसतात, चहा पितात, पण त्यातला कोणी उठून माजघरातलं कपाट उघडायला लागला तर? कपाटात चोरीचं काहीच नाही, तरी नाही उघडू देणार ना.

फेब्रुवारीत पहाटे किनाऱ्यावर कासवाच्या मादीचे ताजे माग दिसले, घरटं होतं. कासवमित्रांना कळवायला फोटो काढला आणि सवयीने, क्लिअर दिसावा म्हणून डॉक्युमेंट करून ग्रुपवर टाकणार तेवढ्यात आठवलं, त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे मला कुठे माहितीय! साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप त्यातलं लोकेशन काढून टाकतं, डॉक्युमेंट पाठवलं की अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जातात. मग एकालाच फोन केला, त्याने येऊन अंडी हॅचरीत हलवली. कॅमेऱ्याचं लोकेशन मी तेव्हापासून बंदच ठेवलंय, तूही ठेव.

आणि सगळंच झाकून ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही हं. आपल्या वाडीतली पाखाडी आणि खालची विहीर मीच ओपनस्ट्रीटमॅपवर, त्या लोकांनीच मिळून भरलेल्या नकाशावर टाकली, दोन संध्याकाळ गेल्या पण काय आनंद झाला! आता रेंज नसली तरी ऑफलाइन नकाशात वाट दिसते, कोणाच्या तरी उपयोगाला येईल. काय द्यायचं ते मी ठरवलं, एवढंच.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तू तेव्हा दहावीत होतास, मी टीव्हीसमोरून उठले नव्हते.

तर आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड कर, त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, शेवटचे 4 फक्त दिसतात. बायोमेट्रिकही लॉक करून टाक, लागेल तेव्हा उघडता येतं. एजंटला तो जुना फोटो डिलीट करायला सांग, लाजू नकोस.

रातांबे अजून हिरवे आहेत, आमसुलं वाळली की पाठवते. जेवत जा वेळेवर.

तुझी आई