दिवाणजी काकाजी, तुमच्या पुड्यांबद्दल

दिवाणजी काकाजींस,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चाल, चहा मांड आधी" म्हणून विषयच मोडता. फोनवर तर "ठेवतो" म्हणता आणि खरंच ठेवून देता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमच्याकडून मिरचीचं बी नेलेली माणसं पार ब्रह्मपुरीपासून काटोलपर्यंत पसरली आहेत. त्यांच्यातल्या कोणाच्या वाचनात हे आलं, तर त्यांनी खाली आपलीही सही आहे असं धरून चालावं.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. काकाजींची सगळी नोकरी मिरचीच्या सातऱ्यावर गेली. विदर्भातल्या भिवापूर, उमरेड, पवनी या पट्ट्यात सातरा म्हणजे काय ते कोणाला सांगावं लागत नाही: लालभडक मिरची अंथरलेलं मोठं पटांगण, आणि तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या बाया. काकाजी तिथे दिवाणजी, म्हणजे वजन आणि हिशेब त्यांच्याकडे. पण मालाची पारखही त्यांचीच. मूठभर मिरची कानाशी धरून हलवायची. आत बी खुळखुळलं तर माल वाळलेला, आवाज दबका आला तर ओल आहे, पोत्यात बुरशी धरणार. मालक काटा बघायचा, काकाजी कान लावायचे. आलेल्या मालात एखादी मिरची मनात भरली की ती कुठून आली, कोणाच्या वावरातली, हे विचारून तिचं बी बाजूला काढायचं, ही सवय तिथलीच.

मला तुम्ही पहिल्यांदा दिलेली पुडी अजून आहे. रिकामीच आहे, पण आहे. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: "भिवापुरी. मामेभावाचं वावर. २०१९. दुसरा तोडा." आमच्याकडे मिरची लावायची म्हणजे डब्यातल्या वाळल्या मिरच्या चुरून परसात फेकायच्या, उगवली तर उगवली. नाहीतर बाजारातून रंगीत चित्राचं पाकीट आणायचं. तसं एक मी आणलंही होतं. चित्रात जांभळी, पिवळी, केशरी अशी मिरची होती. आलेली सगळी झाडं एकाच हिरव्या मिरचीची निघाली आणि दुकानदाराने हात झटकले. तुमच्या पुडीवर चित्र नव्हतं. पण तिचं वावर होतं, वर्ष होतं, आणि कोणत्या तोड्याची, म्हणजे कितव्या तोडणीची, ते होतं. दुसऱ्या तोड्याचं काय एवढं, म्हणून मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पहिल्या तोड्याच्या वेळी झाड लहान राहते, शेवटच्याले थकून जाते. बी मधातलं धरावं."

भिवापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे मला बातमीतून कळलं होतं. तिचं बी मात्र तुमच्याकडून मिळालं. मानांकनाने नाव राहतं. बी राहायला ते दरवर्षी कोणीतरी पेरावं लागतं, आणि संकरित वाणाला भाव असताना ते पेरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत. त्या मोजक्यांत तुम्ही आहात, एवढं लिहिलं तरी तुम्ही चिडाल, म्हणून पुढे जाते.

उगवण्याचं तर तुम्ही माझ्याकडून गिरवूनच घेतलं. मिरचीच्या बियाला ऊब लागते, पंचवीस ते तीस अंशांची. मृगाच्या आधी टाकलं तर आपल्याकडे काही करावं लागत नाही, साधी मिरची आठ-दहा दिवसांत वर येते. पण मला भूत झोलोकिया, ती आसामकडची महाजहाल मिरची, हवी होती. तिला उगवायलाच तीन-चार आठवडे लागू शकतात आणि पुढेही ती सावकाश वाढते. म्हणून ती माघातच टाकायची, म्हणजे पाऊस येईपर्यंत झाड अंगात येतं. आता माघात आमच्या गावची रात्र म्हणजे गोधडीतून हात काढवत नाही अशी. तुम्ही फोनवर विचारलंत, "घरात टीव्ही आहे ना? त्याच्या डब्ब्यावर ठेव." झालं. सेट-टॉप बॉक्सवर ओल्या सुती फडक्यात गुंडाळलेलं बी, प्लास्टिकच्या डबीत. सासूबाईंची मालिका चालू असेपर्यंत डबा गरम, म्हणून त्या वर्षी एकही भाग चुकला नाही आणि त्याचं पुण्य मला मिळालं.

मोड दिसला की मातीत. आपली काळी माती नुसती वापरू नको, ती पाणी धरते आणि वाळली की भेगा पडून कोवळं मूळ तोडते, हे तुमचं पहिलं वाक्य. एक वाटा काळी माती, एक वाटा रेती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडा ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी. बी अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. रोप वर येताना बऱ्याचदा बियाचं टरफल डोक्यावर अडकून राहतं आणि दोन पानं त्यात मिटून बसतात. ते चिमटीने ओढायचं नाही. पाण्याचा एक थेंब वर ठेवायचा, संध्याकाळपर्यंत थांबायचं, मग ते आपसूक सुटतं. मोठमोठे डोळे करून माझी लेक हे बघत बसायची. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं तो रोग पाण्याच्या अतिरेकाने येतो, हेही तुम्ही आधीच बजावलं होतं: "वरची माती बोटाले कोरडी लागली का मगच पाणी. नाहीतर लाडानं मारशील तिले."

आणि खरा उपकार त्या पुढचा आहे.

झाडं कमरेएवढी झाली आणि पानं वळायला लागली. गावात ज्याला विचारावं तो एकच म्हणे, बोकड्या आला, फवारा मार. कोणता फवारा? दुकानात जो मिळेल तो. तुम्ही फोनवर औषधाचं नाव घेतलंच नाही. पानाची कड वर वळली की खाली, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, वर, होडीसारखी. तुम्ही म्हणालात, फुलाखाली पांढरा कागद धर आणि फुलाला टिचकी मार. मारली. कागदावर पिवळसर, केसाच्या टोकाएवढे किडे पळायला लागले. फुलकिडे. पानं खाली वळली असती तर कोळी समजायचा, तो बहुतेक पानाच्या पाठीवर असतो आणि साध्या डोळ्याला जवळपास दिसत नाही. आणि पान पिवळं पडून, आखूड होऊन, झाडच खुरटलं, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला कोणताच फवारा नाही, ते झाड उपटून लांब नेऊन जाळायचं. तीन दुखणी, गावात नाव मात्र एकच, बोकड्या. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क, एवढ्यावर माझी झाडं सावरली. आमच्या दाराशी कडुनिंब आहे, निंबोळ्या पायाखाली तुडवत होतो. त्या आता उन्हाळ्यात वेचून, वाळवून ठेवते.

त्या वेळी तुम्ही नुसतं एखाद्या औषधाचं नाव सांगितलं असतं तरी मी आभार मानलेच असते. पण मग पुढच्या वेळी पुन्हा तुम्हालाच फोन करावा लागला असता. आता वाडीतल्या बाया मला पानं आणून दाखवतात आणि मी ऐटीत विचारते, वर वळलं का खाली?

मे महिन्याचं मात्र तुम्हीही काही करू शकत नाही. पारा पंचेचाळीसवर गेला की फुलं येतात आणि गळतात. जुन्या साडीची सावली करा, सकाळी लवकर पाणी द्या, ओलं गवत अंथरा, झाड जगतं पण मिरची धरत नाही. "धरू नको म्हणा तिले, जगली तेच लय झालं." बरोबरच आहे. छाटून ठेवलेली झाडं पहिल्या सरींनी फुटली. मिरची एका हंगामाची नसते, जपली तर दोन-तीन वर्षं उभी राहते, हेही तेव्हाच कळलं.

तुमच्या पुड्यांतून आज माझ्या अंगणात भिवापुरी आहे, ज्वाला आहे, लवंगी आहे, रंगाची ब्याडगी आहे, जोधपूरकडची मथानिया आहे, वारंगलकडची टमाट्यासारखी गुबगुबीत चपाटा आहे आणि एका कोपऱ्यात, लेकीच्या हाताला लागणार नाही अशी, भूत झोलोकिया. तिची एक गंमत लेकीला तुमच्याच तोंडून ऐकायची असते. २००७ साली गिनीज बुकात तिची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली, तिखटपणाच्या मापात दहा लाखांच्या वर. आता तिच्यापुढे बऱ्याच गेल्या. २०२३ साली पेपर एक्स नावाच्या मिरचीची नोंद झाली, जवळपास सत्तावीस लाखांची. ती खाऊन करायचं काय, हा सासूबाईंचा प्रश्न मला रास्त वाटतो. आमच्या घरी भूत झोलोकियाचा एक तुकडा अख्ख्या पातेल्यातल्या रश्श्याला पुरतो आणि तोही पाहुणे उमरेडपलीकडचे असले तरच.

राघू मिरची कसा खातो, हा लेकीचा दुसरा प्रश्न. पक्ष्यांना तो तिखट कण जाणवतच नाही, आणि बऱ्याच पक्ष्यांच्या पोटातून बी साबूत बाहेर पडतं, म्हणून झाडालाही पक्षी परवडतात. आपण चावून बी फोडतो, म्हणून झाडाने तो जाळ आपल्यासाठी ठेवला आहे. हे तुम्ही तिला इतकं रंगवून सांगितलंत की ती आता मिरचीवर बसलेल्या राघूला हाकलू देत नाही. त्याबद्दल आभार मानू की नको, ठरलं नाही.

मग बी धरणं. शेजारी भूत झोलोकिया लावली म्हणून भिवापुरी यंदाच जास्त तिखट होते, अशी गावभर समजूत आहे. तुम्ही ती मोडली. यंदाचं फळ आईचंच असतं, भेसळ बियात होते आणि दिसते पुढच्या वर्षी. मिरचीचं फूल आपलं आपण फळतं खरं, पण मधमाशी आणि मुंगी थोडा परका पराग आणतातच. बियाण्याच्या शेतात दोन वाणांत शेकडो मीटर अंतर ठेवतात, माझ्या अंगणात तेवढी जागा कुठून येणार? म्हणून व्हॉईलच्या जुन्या साडीच्या बोटभर पिशव्या शिवल्या. कळी उमलायच्या आधी पिशवी बांधायची, सकाळी टिचकी मारून हलवायची, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा. लाल दोरा म्हणजे बियाची, हात लावायचा नाही. हा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त ठेचा करायची घाई असली की सासूबाईंना लाल दोरा दिसत नाही.

पूर्ण लाल होऊन सुरकुतली की तोडायची, सावलीत वाळवायची, कानाशी हलवायची. बी काढताना हाताला आधी खोबरेल चोळायचं, कारण तो तिखटपणा पाण्याने जात नाही, तेलात उतरतो. नंतर साबण. मिरचीचा खरा जाळ बियात नसतोच, बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं तिच्यात असतो. काळपट, सुरकुतलेलं बी बाजूला. बाकीचं आणखी वाळवून काचेच्या बाटलीत, तळाशी चाळलेली राख, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली फ्रीजमध्ये. तरी दोन-तीन वर्षांपलीकडे भरवसा ठेवायचा नाही.

पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. अट एकच घातली होती: एक पुडी नेली तर दोन पुड्या पुढे द्यायच्या, आणि चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. दिल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मी वाण म्हणून बी लुटलं. स्टीलची वाटी मिळेल म्हणून आलेल्या एक-दोघींनी नाक मुरडलं, पण त्यातल्याच एकीचा नंतर फोन आला, ब्याडगीला फुलं आली म्हणून. प्रत्येक पुडीवर नाव, वर्ष, तोडा, आणि वावराच्या रेघेवर मूळ तुमच्याकडचं, असं लिहिलं आहे. तुम्हाला न विचारता लिहिलं.

आता एक काम आहे, त्यासाठी तुम्हाला यावंच लागेल. २०२२ च्या लवंगीच्या पुडीतून आलेलं एक झाड लवंगी नाही. मिरच्या वर तोंड करून, झुपक्याने येतात, आधी जांभळ्या आणि मग लाल होतात, चव लवंगीहून जहाल. तुमच्याकडे त्या वर्षी अंगणात आणखी काय काय होतं, ते आठवून ठेवा. तिचं बी धरायचं की भेसळ म्हणून टाकून द्यायचं, यावर आमच्या घरी दोन तट पडले आहेत. पोळ्याला पवनीहून सकाळच्या बसने या. जेवायला वडा-भात आणि पाटोडीचा रस्सा आहे. झाड बघा आणि पुडीवर काय नाव लिहू ते सांगा. येताना चष्मा विसरू नका.

तुमची,
उमरेडकडची सूनबाई