खोटा पैसा की खोटा पाऊस?

पुणे,
१२ जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मंडळाच्या मराठी शाळेसाठी तू बडबडगीतांची पुस्तिका काढतो आहेस हे वाचून आनंद झाला. ‘प्रत्येक गीताचा एकच शुद्ध पाठ कळव’ ही तुझी मागणी मात्र मला मान्य नाही. ही गाणी आज्या-मावश्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली आणि घरागणिक थोडीथोडी बदलत आली. ज्ञानेश्वरीची संशोधित प्रत सिद्ध करण्याच्या थाटात ‘अपडी थापडी’ला हात घालू नकोस, एवढीच विनंती.

आता तुझा पहिला प्रश्न. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ येथपर्यंत सर्वांचे एकमत असते. पुढे कोणी ‘पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा’ म्हणतो, तर कोणी ‘पैसा झाला मोठा, पाऊस आला खोटा’. यमकाची जोडी तीच, दोन शब्दांनी जागा तेवढ्या बदलल्या; पण अर्थ पार उलटला. पहिल्या पाठात पोराने पावसाच्या हातावर खोटे नाणे ठेवले आणि तरीही तो धो धो आला. दुसऱ्यात पैसा खणखणीत असूनही पावसानेच हुलकावणी दिली. मला पहिला पाठ आवडतो, कारण त्यातली लबाडी मुलाची आहे. परंतु दुष्काळी माणदेशातल्या माणसाला दुसरा अधिक पटला, तर त्याला चूक म्हणण्याची माझी छाती नाही. तेव्हा दोन्ही छाप. शिवाय ‘ये गं ये गं सरी, माझे मडके भरी, सर आली धावून, मडके गेले वाहून’ हे पुढचे कडवे जागेअभावी गाळू नकोस. सर मागावी आणि तिने मडकेच घेऊन जावे, ही गंमत मुलांना पहिल्या कडव्याइतकीच कळते.

चांदोबाचीही अशीच आबाळ होते. पुष्कळांचे गाणे मामाच्या चिरेबंदी वाड्याशीच थांबते. खरी गोष्ट तर त्यानंतर घडते: चांदोबाला तूपरोटी खायला बोलावतात, तुपात माशी पडते आणि पाहुणा उपाशी राहतो. निंबोणी लिहावे की लिंबोणी, यावर तुझ्या संपादक मंडळाने घातलेला वाद मी वाचला. त्यात मी पडत नाही.

‘अपडी थापडी, गुळाची पापडी’ मात्र नुसते वाचून उपयोगाचे नाही, ते खेळून पाहायला हवे. ‘धम्मक लाडू’नंतर कोणी ‘तेल काढू’ म्हणतो, कोणी ‘तेल पाडू’. ‘तेलंगीचे एकच पान’ झाल्यावर काही ठिकाणी ‘धर बेटा हाच कान’, तर काही ठिकाणी ‘दोन हाती धरले कान’ येते. पण कान आलाच पाहिजे, कारण त्या शब्दावर शेजाऱ्याचे कान पकडून सर्वांनी डोलायचे असते, आणि शेवटच्या ‘गडप’वर हात पाठीमागे लपवायचे असतात. मला वाटते, या गाण्यांतले पाठभेद असेच चालतात. जिथे हाताची कृती आणि यमक येऊन पडते, ती जागा पक्की असते; मधल्या जागा ज्याने त्याने आपापल्या परीने भरलेल्या असतात. म्हणून पुस्तिकेत गाण्याखाली खेळ कसा खेळायचा ते अवश्य लिही.

भोंडल्याच्या ‘अरडी गं बाई परडी’त हे फारच ठळक दिसते. दाराशी एकेक सासरचे माणूस दागिना घेऊन येते, सून ‘घेत नाही, येत नाही’ म्हणते, चारी दरवाजे लावून झिपरे कुत्रे सोडायला सांगते. शेवटी नवरा आला की दरवाजे उघडतात आणि कुत्रे बांधले जाते. पाटल्या कोणी आणल्या आणि नथ कोणी आणली, याचा क्रम गाणाऱ्या बायका खुशाल बदलतात, त्यामुळे कडवी कितीही वाढवता येतात. कुत्रे मात्र कोणी गाळत नाही! पश्चिम महाराष्ट्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात आणि त्याला भोंडला किंवा हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडून गाणी म्हणतात. पुस्तिकेत फक्त पुण्याकडची गाणी आली, तर तुमच्याकडच्या नागपूरकरांनी नाराज होणे रास्तच ठरेल.

नात ‘रिंगा रिंगा रोझेस’मध्ये ‘अ‍ॅशेस, अ‍ॅशेस’ म्हणते, आपण ‘हुशा बुशा’ म्हणायचो, तर तिचे चुकते का, असे तू विचारलेस. चुकत नाही. अमेरिकेत राख आहे, इंग्लंडात ‘अ-टिशू’ अशी शिंक आहे, आणि गंमत म्हणजे केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या १८८१ च्या पुस्तकात तिथे ‘हश, हश, हश, हश’ असे छापलेले आहे. म्हणजे आपण शाळेच्या मैदानावर ओरडत होतो ते आजच्या इंग्रजी शिंकेपेक्षा त्या छापील पाठाच्या अधिक जवळ जाते. हे गाणे लंडनच्या १६६५ च्या प्लेगचे आहे, असे तुला कोणी सांगितले असेल, तर पालकसभेत ते सांगू नकोस. ते स्पष्टीकरण विसाव्या शतकात पसरले आणि प्लेगच्या काळात हे गाणे होते याचा पुरावा सापडत नाही. ‘ट्विंकल ट्विंकल’चे निराळे आहे. ती जेन टेलरची १८०६ मध्ये छापलेली पाच कडव्यांची कविता आहे, तेव्हा तिथे मूळ पाठ धरून बसायला हरकत नाही. अंधारात वाट चालणारा प्रवासी ताऱ्याचे आभार मानतो, ते कडवे नातीला जरूर शिकव.

भोंडल्याच्या आणखी गाण्यांचे पाठ जुळवून पुढच्या पंधरवड्यात पाठवतो. तोवर तुझ्याकडच्या नागपूर-जळगावच्या कुटुंबांतून भुलाबाईची गाणी उतरवून घे, आणि प्रत्येक गाण्याखाली ते कोणत्या गावचे आहे तेही लिही. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक