दाराच्या आत एकाला तरी उभं राहू द्या

महोदय,

मी 31 वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची 12 ठाण्यात, कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात. पेशंट अरेस्ट झाला, म्हणजे त्याचं हृदय बंद पडलं, की क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-सामानाची गाडी) ओढायची आणि नातेवाइकांना बाहेर काढायचं, हे माझं ठरलेलं काम. "बाहेर थांबा, डॉक्टर बघतायत," असं म्हणत मी लोकांची बोटं पेशंटच्या हातातून सोडवली आहेत. एका आजोबांनी बायकोच्या चपला छातीशी धरल्या होत्या. चपलांसकट त्यांना वॉर्डातल्या मामांच्या हवाली केलं आणि पडदा ओढला. त्यांना बघवणार नाही, आपल्यालाही अडचण होईल, असं आम्हाला शिकवलं होतं. पुढच्या मुलींना आम्हीही तेच शिकवलं.

गेल्या श्रावणात पहाटे आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. नौपाड्यातून रिक्षाने रुग्णालयात पोचलो आणि कॉटवर घेता घेताच ह्यांनी मान टाकली. तिथली एक सिस्टर माझ्या हाताखाली तयार झालेली. "मॅडम, तुम्ही पायाशी उभ्या राहा," एवढंच ती म्हणाली. मुलीला मात्र बाहेर थांबवलं.

मी ह्यांचे तळवे धरून उभी होते. कुणीतरी मोठ्याने मोजत होतं, दर दोन मिनिटांनी छाती दाबणारा माणूस बदलत होता. दोनदा शॉक दिला. फासळी मोडल्याचा आवाज आला. जोर लावून दाबलं की ती मोडू शकते, हे मला ठाऊक होतं. घरातून निघताना हे नेहमी विचारायचे, गॅस बंद केलास ना? मी खाली वाकून सांगितलं, गॅस बंद केलाय, काळजी करू नका. पाऊण तासाने त्या तरुण डॉक्टरांनी थांबण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मुलगी तेवढा वेळ जिन्यापाशी होती. ती अजून विचारते, "आई, शॉक खरंच दिला होता ना? ऑक्सिजन लगेच लावला? बाबा काही बोलले का?" मी सगळं सांगते. तिला पटतं, आणि पंधरा दिवसांनी ती पुन्हा तेच विचारते. मला एकदाही असा प्रश्न पडला नाही, कारण मी तिथे होते. केवळ पूर्वी नोकरी केली म्हणून मला मिळालेली जागा माझ्या मुलीला का नको, हे मला कुणी सांगावं.

2013 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्समधला अभ्यास आला. घरात हृदय बंद पडलेल्या रुग्णांचे 570 नातेवाईक त्यात होते. ज्यांनी सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय पुन्हा चालू करायची धडपड, पाहिला नाही, त्यांच्यात तीन महिन्यांनंतर मानसिक आघाताची लक्षणं जास्त दिसली. जवळचं माणूस हजर असल्याने उपचारांत फरक पडला नाही, पथकावरचा ताणही वाढला नाही. तो घरातला अनुभव आहे, आपल्या कॅज्युअल्टीचा नाही, हे मान्य. आपल्याकडे एका पेशंटमागे दहा माणसं येतात, दोन कॉटच्या मधून अंग चोरूनच जावं लागतं.

आणि भीती हल्ल्याची. 2010 च्या कायद्याने महाराष्ट्रात डॉक्टर-परिचारिकांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा झाला, तरी मारहाण थांबली नाही. मी स्वतः ढकलाढकली सोसली आहे. पण राग चढायचा तो बंद दाराबाहेर. आत काय चाललंय ते दिसत नाही, मग "मेलेल्याला ठेवून बिल वाढवतायत" अशी कुजबुज सुरू होते. घाम गाळणारे चार जण ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो असं म्हणायला धजणार नाही, असं मला वाटतं.

सगळ्यांना आत घ्या, असं माझं म्हणणं नाही. एकच माणूस, तोही विचारून. नको म्हणाला तर जबरदस्ती नाही. त्याच्या शेजारी एक सिस्टर हवी, जिला त्या वेळी दुसरं काम नसेल. ती सांगेल, आता नळी घालतायत, आता हे इंजेक्शन. त्याला चक्कर आली किंवा तो मध्ये पडला, तर तीच त्याला बाहेर नेईल. माणसं कमी आहेत हे मला कळतं, रात्रपाळीला तर फारच. तरी दिवसा सुरुवात करता येईल.

ठाण्यातल्या कुठल्याही रुग्णालयाने हे करून पाहायचं ठरवलं, तर तिथल्या मुलींना नातेवाइकांशेजारी कसं उभं राहायचं, काय बोलायचं, हे शिकवायला मी येईन. मानधन नको.

— एक निवृत्त परिचारिका, नौपाडा, ठाणे (पश्चिम)